चौथ्या वळणावरची पायवाट

तक्रार मीच केली होती. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी बरंच भांडले, आणि भांडणाऱ्या बाईबद्दल लोकांचा उगाच चांगला समज होतो. आमच्या डोंगर दौडीत एका बाईचा पहिला नंबर गेला, वहीत तिच्या नावापुढे लाल शाईने ‘बाद’ लिहिलं गेलं, आणि ते लिहायला लावणारी मी होते.

आमची दौड दर हिवाळ्यात होते. तळोद्याजवळच्या सपाटीवरून, केळीच्या बागांच्या कडेने निघायचं. पहिले नऊ किलोमीटर सरळ रस्ता. त्यात मिरचीच्या पथाऱ्या लागतात. दोन्ही बाजूंना लाल मिरची वाळत घातलेली असते आणि हवेतच ठसका असतो. मग सातपुडा सुरू होतो. सहा किलोमीटरचा घाट, नऊ वळणं, आणि वर डोंगरातल्या एका गावात शाळेच्या पटांगणावर शेवट. तिथे दोरी बांधलेली असते आणि दोरीपलीकडे टेबल, टेबलावर वही. जाड पुठ्ठ्याची, दौड सुरू झाली तेव्हापासूनची. कोण कितवा आला ते त्यात लिहिलं जातं आणि खाली अध्यक्ष सही करतात. आमच्या भागात पोरांची लग्नं जमवताना लोकांनी ती वही पुराव्याला काढल्याचं मी पाहिलं आहे.

मी सपाटीवरची. सासरी केळी आणि थोडा ऊस, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पस्तिशीनंतर वजन वाढलं म्हणून धावायला लागले आणि मग वजनाचं विसरून धावत राहिले. महिलांच्या गटात आम्ही पाच जणी. पाचांत पहिली येणं म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी, पण सहा वर्षं ओळीने पहिली आले की लंगडीलाही आपण हरीण आहोत असं वाटू लागतं. मलाही वाटत होतं.

सातव्या वर्षी ती आली. दौड जिथे संपते त्याच गावची, तिथली आशा कार्यकर्ती. पाड्यापाड्यांवर जाऊन गरोदर बायांची नोंद ठेवायची, बाळांचं वजन करायचं, लसीच्या दिवशी सगळ्यांना गोळा करायचं, हे तिचं काम. वय तिशीच्या आसपास. साडीचा काष्टा घातलेला, पायात रबरी चपला. आम्ही पाच जणींनी एकमेकींच्या बुटांकडे पाहिलं आणि मग तिच्या चपलांकडे. पाहण्यात काय होतं ते सांगायला नको.

सपाटीवर ती बरीच मागे पडली. घाटात मात्र मला तिच्या चपलांचा आवाज ऐकू येऊ लागला. चौथ्या वळणावर मी मागे वळून पाहिलं, तर ती रस्ता सोडून डावीकडच्या पायवाटेने वर चढत होती. लपतछपत नाही, अगदी रोजच्यासारखी. मी उरलेली पाच वळणं घेऊन वर पोचले तेव्हा ती दोरीपलीकडे बसून पाणी पीत होती. पंच तिच्या नावापुढे पहिला नंबर लिहीत होते.

मी दम खाण्याआधी म्हटलं, “हिने रस्ता सोडला. मी पाहिलंय.”

पंचांनी तिला विचारलं. तिने लगेच हो म्हटलं. “पायवाटेनं आले. मग कशानं येणार?”

पटांगणात हशा पिकला. कबूल करणारा चोर फारसा पाहायला मिळत नाही, म्हणून लोकांना मजा वाटली असावी. लाल पेन निघालं. मला पहिला नंबर आणि प्रेशर कुकर मिळाला. ती डाळीचं पातेलं उतरवायला चुलीकडे गेली, कारण दौड संपल्यावर आम्हा सगळ्यांना मक्याची भाकर आणि उडदाची डाळ तिच्याच गावच्या बाया वाढतात. मला तिनेच वाढलं. दोनदा विचारलं, अजून हवी का म्हणून.

ती डाळ माझ्या घशात अडकली ती महिनाभर. नवरा म्हणाला, “कुकर भेटना ना तुले? मंग आते काय रडी ऱ्हायनी?” रडत नव्हते. पण कुकर फडताळात ठेवला होता आणि फडताळ उघडलं की तो दिसायचा, आणि मी चिडायचे. कुणावर ते कळायचं नाही. नियम तर होताच. दौडीत रस्ता सोडायचा नसतो, हे काय सांगायला लागतं?

शेवटी एका रविवारी कुकर पिशवीत घातला आणि जीपने वर गेले. ती घराबाहेर वजनकाटा पुसत होती. मी पिशवी पुढे केली. तिने आत पाहिलं आणि पिशवी माझ्या पायाशी ठेवली.

“कुकर नको मॅडम. माझ्याकडे आहे.”

“मग काय हवं?” मी विचारलं. आवाज माझा जरा चढलाच असेल, कारण दान नाकारलं गेलं की आपल्याला राग येतो.

“वहीत नाव पाहिजे,” ती म्हणाली. “दौड आमच्या गावात संपते. पाणी आमचं, भाकर आमची, पटांगण आमच्या पोरांनी झाडलेलं. आणि वहीत आमच्या गावातल्या एकाही बाईचं नाव नाही. एक आलं, ते लाल.”

मी म्हटलं, पण ताई, रस्ता का सोडलास? तिने माझ्याकडे वर्गातल्या मठ्ठ पोराकडे पाहावं तसं पाहिलं. मग समजावून सांगितलं, सावकाश. रस्ता जीपसाठी झाला. त्याआधी आणि त्यानंतरही माणसं पायवाटेनेच जातात. पायी रस्त्याने जाणारा एक तर पाहुणा, नाहीतर प्यायलेला. तुम्ही म्हणालात खालून वर पळत यायचं, मी आले. रस्त्यानेच यायचं असं फॉर्मवर कुठे लिहिलं होतं?

लिहिलं नव्हतं. मी घरी जाऊन फॉर्म पाहिला. आम्ही कधी लिहिलंच नव्हतं, कारण आमच्यापैकी कुणाला ती पायवाट माहीतच नव्हती.

पण हे नंतर. त्या दिवशी तिला खालच्या पाड्यावर एका बाळंतिणीकडे जायचं होतं. म्हणाली, चला, पायवाट दाखवते. मी उतरले तिच्यामागून. उतरताना चार वेळा बसले. येताना चढले, म्हणजे हातापायांनी चढले. एके ठिकाणी खडक असा उभा होता की पुढे पाय कुठे ठेवायचा ते तिने बोटाने दाखवलं तेव्हा मला दिसलं. अंतर कमी होतं हे खरं. पण वर पोचल्यावर मी पटांगणाच्या कडेला सरळ आडवी झाले. याला मी सगळ्यांसमोर ‘शॉर्टकट’ म्हटलं होतं. मला माझीच भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की मी गप्प बसत नाही, भांडायला निघते. स्वभावाला औषध नाही.

दौड समितीचे अध्यक्ष आमच्याच गावचे मोठे बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणतात. दौडीच्या दिवशी ते उघड्या जीपमध्ये उभे राहून भोंग्यावरून सगळ्यांना “पाय उचला, पाय उचला” म्हणत वरपर्यंत जातात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मुलांना शिकवायचं असेल तर मी त्यांना दौड दाखवायला नेते. मी आबांच्या ओसरीवर जाऊन म्हटलं, गेल्या दौडीचा निकाल चुकला, तक्रार माझी होती, ती मी मागे घेते, तिचं नाव लिहा.

आबांनी सुपारी कातरली. “लिखेल शे ते लिखेल शे, सूनबाई. वही काय पाटी शे का पुसाले?”

“मग यंदा तिला धावू द्या.”

“एकदाव बाद व्हयना तो दुसरे साल धावत नही. नियम शे तो. आपलं घरनं लगीन नही शे.”

हा नियमही कुठे लिहिलेला नव्हता. मी विचारलं, कधीचा नियम? आबा म्हणाले, आतेना, म्हणजे आत्ताचा. निदान खरं बोलले.

मी त्यांच्याशी वर्षभर भांडले. लग्नात गाठलं, बाजारात गाठलं, त्यांच्या नातवाच्या बारशात पाळण्याची दोरी हातात असताना गाठलं. सासूबाई म्हणाल्या, त्या डोंगरवालीसाठी तू आपल्या माणसांशी का वाईट होतेस? मी म्हटलं, वाईट मी आधीच वागले, आता फक्त निस्तरतेय. त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर घर शांत होतं.

दौडीच्या सकाळी ती आली. नंबर कुणी दिला नव्हता, तरी काष्टा घालून रेघेवर उभी राहिली. आबांनी भोंग्यावरून तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती हलली नाही. मग मी माझ्या छातीवरचा नंबर काढला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवला. महिलांची ढाल देणाऱ्या पाहुण्यांची अट होती की पाच जणी तरी धावल्या पाहिजेत. पाहुणे फेटा बांधून तिथेच उभे होते.

“ती नाही तर मी नाही,” मी म्हटलं.

“तू नही धावशी तं दौड बंद पडी जाई का?” आबा म्हणाले.

माझ्यामागे उभ्या असलेल्या चौघींनी एकेक करून नंबर काढले. त्यातल्या दोघींनी तर नवऱ्याकडे न बघता. बॉनेटवर पाच नंबर पडले. पाहुण्यांनी आबांकडे पाहिलं, आबांनी पंचांकडे. पाच मिनिटं कुजबुज चालली. मग ठरलं: ती धावेल, पण पंच मोटरसायकलवर तिच्यामागे राहतील, पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत. रस्ता सोडला की संपलं.

मी तिच्याजवळ गेले. माझ्या मनात होतं की मी हळू धावीन आणि ती पहिली येईल, झालं. ते तिने माझ्या तोंडावर वाचलं असावं. “मॅडम, मुद्दाम मागं राहायचं नाही,” ती म्हणाली. “मागं राहिलात तर मला कळेल. मग मी तुमच्याशी बोलणार नाही.”

तेव्हा मी धावले. जीव तोडून धावले, कारण आता दुसरं काही करणं तिचा अपमान होता. ती सपाटीवर सुरुवातीला माझ्या बरोबरीने होती. पण मिरचीच्या पथाऱ्या आल्या. आदल्या वर्षी तिथे पोचेपर्यंत ती इतकी मागे होती की मी पाहिलंच नव्हतं. तिला ठसका लागला. पदर नाकाला धरून ती थांबली, पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. आम्ही या धुळीत जन्मलेले, आम्हाला शिंकसुद्धा येत नाही. मी पुढे गेले. वाईट वाटत होतं आणि पाय पळत होते, दोन्ही एकदम.

घाटात तिने अंतर तोडायला सुरुवात केली. तिच्यामागच्या मोटरसायकलचा आवाज मला आधी ऐकू यायचा, मग तिचा श्वास. चौथ्या वळणावर मी पायवाटेकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही. पंचांनी मात्र तिथे गाडीचा वेग कमी केला, शिट्टी ओठात धरून. मला त्या माणसाच्या तोंडातली शिट्टी काढून दरीत फेकावीशी वाटली. नवव्या वळणावर ती माझ्या खांद्याशी होती. शेवटचा चढ मी कसा चढले ते मला आठवत नाही. दोरीला माझी छाती आधी लागली. वीसेक पावलांचा फरक असेल.

आबांचा भोंगा सुरू झाला. “दखा, दखा! गये साल कशी पहिली उनी व्हती ते आते समजनं का सर्वासले?”

लोक टाळ्या वाजवत होते, माझ्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा मला जिंकल्याचा इतका संताप आला. वर्षभर भांडून मी तिला रेघेवर आणलं आणि मग माझ्याच पायांनी आबांचं म्हणणं खरं करून दिलं. मी भोंगा हिसकावायला जीपकडे निघाले होते, काय बोलणार होते देव जाणे, तेवढ्यात ती आली. केस कपाळाला चिकटलेले, डोळे अजून मिरचीने लाल. टेबलाशी जाऊन म्हणाली, “लिहा. रस्त्यानं मॅडम पहिल्या, मी दुसरी.” पंचांनी लिहिलं. तिने वाकून ते वाचलं. मग माझ्याकडे वळली.

“आता पायवाटेनं.”

“आत्ता?”

“आत्ताच. उद्या मला लसीकरण आहे.”

नवरा गर्दीतून पुढे आला. “येडी व्हयनी का तू? गुडघा दख तुन्हा. पडनी तं कोन उचली लई येई तुले?” गुडघा खरंच सुजायला लागला होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही डाळ खायला बसा.

“हाई दौडमा बसत नही,” आबा म्हणाले.

“दौडीत नसू द्या,” ती म्हणाली. “वहीत पाहिजे.”

आबांच्याच जीपने आम्हाला चौथ्या वळणावर उतरवलं. ड्रायव्हर वरच्याच गावचा होता, त्याने आबांना विचारलंही नाही. पंच आले, कारण त्यांना मोह आवरला नाही. त्यांनी शिट्टी वाजवली आणि ती निघाली.

मी तिला फक्त सुरुवातीला पाहिलं. काष्ट्यातल्या पोटऱ्या, आणि एका हातात चपला. मग ती झाडीत गेली. मी दगड धरत, मुळं धरत, शिव्या देत चढले. शाळेत तोंडून निघाल्या तर नोकरी जाईल अशा शिव्या. खडकापाशी माझा पाय घसरला आणि दोन्ही तळहात सोलले. वरून माणसांचे आवाज येत होते. सगळं गाव पटांगणाच्या कडेला येऊन उभं राहिलं होतं आणि त्यांच्या भाषेत ओरडत होतं. ते तिच्यासाठी होतं. थोड्या वेळाने एक मोठा गलका झाला आणि थांबला, तेव्हा मला कळलं की ती पोचली. मला अजून निम्मं चढायचं होतं. परत फिरता आलं असतं, खाली जीप उभी होती. पण हरायचं तर नीट, शेवटपर्यंत, सगळ्यांना दिसेल असं हरायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

मी वर आले तेव्हा निम्मे लोक जेवायला बसले होते. कुणी टाळी वाजवली नाही. एका म्हातारीने माझे हात पाहिले आणि तांब्याने त्यांवर पाणी ओतलं. आबा टेबलामागे खुर्चीत बसले होते आणि ती टेबलासमोर उभी होती, माझी वाट पाहत. तिचा श्वास कधीच खाली बसला होता.

तिने वही आपल्याकडे ओढली. पंचांच्या हातातलं पेन घेतलं. नुकत्याच लिहिलेल्या निकालाखाली रेघ मारून ‘पायवाट’ असं शीर्षक लिहिलं, गरोदर बायांच्या नोंदी करताना येणाऱ्या सुबक अक्षरात. खाली एक, स्वतःचं नाव, पाड्याचं नाव. दोन, माझं नाव. मग वही आबांपुढे सरकवली.

“सही करा.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना ओळखत होते. मी हसून काहीतरी म्हणेन, विषय मिटेल, सगळे जेवायला जातील, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या घरच्या लग्नात मी पंगती वाढल्या होत्या. मी त्यांची होते, आणि ती वरची होती.

“ती पहिली आली आबा,” मी म्हटलं. “तुमच्या पंचांनीच शिट्टी वाजवली आणि तुम्ही इथून सगळं पाहिलंत. करा सही.”

कडेला उभ्या असलेल्या गावाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि सही केली.

मला वाटलं संपलं. तिने सही नीट वाचली, मग वहीची पानं मागे उलटली. गेल्या वर्षीचं पान काढलं. पेन आबांपुढे नाही, माझ्यापुढे धरलं.

“हे तुमचं काम,” ती म्हणाली.

“ते व्हई गये, ते व्हई गये,” आबा खुर्चीतून उठत म्हणाले आणि त्यांनी वहीवर हात ठेवला. मी तो हात उचलून बाजूला केला. वडीलधाऱ्या माणसाचा हात मी असा कधी उचलला नव्हता. माझ्या तळव्यातलं रक्त पानाला लागलं. मी ‘बाद’ हा शब्द खोडला, तिच्या नावापुढे एक लिहिलं, माझ्यापुढचा एक खोडून दोन केला, आणि शेवटच्या पंगतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गात हजेरी घेते तसं, ते सगळं वाचून दाखवलं.